आईच्या झोपेसाठी हलका हात

ता. ४ जून

चि. सौ. चिमीस अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. आई बाळंतपणाला येत नाही म्हणून तू रागावलीस, ते अक्षरावरूनच कळलं. तिनं गुडघ्यांचं कळवलं ते खोटं आहे. तिचे गुडघे माझ्यापेक्षा धड आहेत. खरं काय ते लिहितो, पण मी लिहिलं हे तिला कळलं तर माझी धडगत नाही.

तिला रात्री सारखं लघवीला उठावं लागतं. डोळा लागला की उठायचं, पुन्हा लागला की पुन्हा तेच. मागल्या महिन्यात न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडली. हाड वाचलं, पण मला धसका बसला तो बसलाच. तुझ्या सासूबाईंच्या खोलीत निजून रात्रभर ये-जा करायची तिला लाज वाटते. दुपारनंतर पाणीसुद्धा पीत नाही. मी बोललो की म्हणते, वय झालं, तुम्ही गप्प पडा. तुझं पहिलं मूल आणि आई जवळ नाही, हे मला सोसत नाही. तू दवाखान्यात नर्स आहेस, काहीतरी सुचव.

तुझ्यावर भिस्त ठेवून आहे,
बाबा

ता. १२ जून

ती. बाबांस सा. न. वि. वि.

राग कधीच पळाला, आता रडू येतंय. म्हणून आधी कामाचं लिहिते. आईला पाणी तोडू देऊ नका. दिवसा पोटभर प्यावं, संध्याकाळी बेतानं. लघवीची आणि साखरेची तपासणी करून घ्या. ती ठीक निघाली तर सोबतचा छोटा मऊ रबरी रोलर वापरायचा. आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, निजण्याआधी मिनिटभर मांड्यांच्या मधल्या कातडीवर हा हळुवार फिरवला तर काही वयस्क बायकांचं रात्रीचं उठणं कमी होतं. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण करून बघायला हरकत नाही. नेमकं कुठे नि कसं, ते आईला वेगळ्या चिठ्ठीत लिहिलंय. ती तुम्ही वाचायची नाही. चुगली केल्याबद्दल आई चार शब्द बोलेल, ते मुकाट ऐका.

तुम्हा दोघांची माया अशीच राहू दे,
चिमी

ता. २९ जून

चि. सौ. चिमीस अ. उ. आ.

तपासण्या चांगल्या आल्या. चार शब्द आठवडाभर चालले.

रोलर मी अंगठ्यानं दाबून पाहिला. इतका लिबलिबीत, यानं काय होणार? जन्मभर फर्निचरला पॉलिश केलं, दाबल्याशिवाय लाकूड ऐकत नाही. म्हणून माझ्या पिशवीतलं जाडंभरडं कापड त्यावर घट्ट गुंडाळून दिलं आणि तिला सांगितलं, चांगला जोर लाव. बिचारीनं लावला. कातडी लाल झाली, आग होते म्हणते, आणि उठणं तसंच. आता तिनं रोलर कपाटावर टाकलाय. चिमीला कळवा म्हणाली, माझी वाट पाहू नकोस. माझं काही चुकलं का गं?

काळजीत असलेला,
बाबा

ता. ५ जुलै

ती. बाबांस सा. न. वि. वि.

अहो बाबा! ते कापड आधी काढा. कातडी पूर्ण बरी होईपर्यंत काही करू नका, आग थांबली नाही तर डॉक्टरांना दाखवा. इथे जोराचं काम नाही, हलका स्पर्शच हवा. लहानपणी मी कारखान्यात येऊन बसायचे. पॉलिशचा शेवटचा हात मारताना तुम्ही कामगारांना काय सांगायचात? लाकडाला कळता कामा नये. तस्साच हात. आईला एवढं शिकवा. मी तिची वाट पाहायची सोडलेली नाही.

तुमची लाडकी आणि हट्टी,
चिमी

ता. ९ ऑगस्ट

चि. सौ. चिमीस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी आधी माझ्याच थोबाडीत मारून घेतली. आग थांबल्यावर आईला खुर्चीत बसवलं आणि तिच्या मनगटावर रोलर फिरवून दाखवला, शेवटच्या हातासारखा. तिला गुदगुल्या झाल्या. हसत म्हणाली, असा हात होता तर इतकी वर्षं कपाटांवरच का वाया घालवलात?

मग ती चिठ्ठीप्रमाणे आपली आपण करू लागली. आधी काहीच फरक नव्हता, मी तुला कळवायलाही घाबरत होतो. मग हळूहळू उठणं कमी झालं. आता बहुतेक एकदाच उठते. परवा तर उन्हं आत आली तरी हलेना. नाकाशी बोट धरलं, तर डोळे न उघडता म्हणाली, आहे अजून, झोपू द्या. चिमे, तिची ती बोलणी खाऊन मला भरून आलं. तुझ्या डॉक्टरबाईंना माझा नमस्कार सांग. तुला काय सांगू, तू तर माझीच.

काल स्वतः जाऊन तिनं बसचं तिकीट आणलं. शुक्रवारी सकाळी निघेल. तिकीट एकच होतं. मी विचारलं, माझं कुठंय? म्हणाली, तुम्ही मागाहून या, आधी मला लेकीजवळ चार दिवस निवांत झोपू दे.

उतरवून घ्यायला कुणाला तरी नक्की पाठव. पोचल्याचं लगेच कळव, तोवर माझा जीव टांगलेला.

तुम्हा मायलेकींचा,
बाबा