पान वाढण्याआधी

आई,

आज तुझी तिथी. सकाळचे सव्वासहा वाजलेत. डाळ कुकरला लावून मी ओट्याशेजारी स्टुलावर हे लिहायला बसलोय. पुरण मीच करणार आहे, विकतचं आणणार नाही. तुझं पान वाढलं की कामावर पळायचं. आज मला पहिल्यांदा पाहुण्यांसमोर उभं राहून बोलायचं आहे. जमलं तर ग्लास विसळण्याच्या कामातून सुटका, नाहीतर पुन्हा तेच सिंक.

मी कुठे काम करतो ते तुला माहीत नाही. तू गेलीस तेव्हा मी नववीत होतो, आणि पुढे शाळेत गेलोच नाही. गंगापूर धरणाच्या बाजूला एका ठिकाणी वाइन बनवतात. तिथे चाखायला येणाऱ्या लोकांसाठी एक खोली आहे, तिथे मी असतो. दारूच्या जागी कामाला लागलो हे ऐकून तू बोलणं टाकलं असतंस, की आधी जेवलास का ते विचारलं असतंस, हे मला अजून ठरवता येत नाही.

काल ती खोली सांभाळणाऱ्या मॅडमनी माझी परीक्षा घेतली. जेवणानंतर घोटभर घ्यायची एक गोड वाइन असते. द्राक्षरस आंबत असताना मध्येच त्यात द्राक्षांचीच कडक दारू घालतात. आंबणं थांबतं आणि उरलेली साखर तशीच राहते. मॅडमनी तिचा लहानसा ग्लास पुढे केला. मी तो फिरवला, सावकाश वास घेतला आणि म्हणालो, "कडक आहे. गोडी बेताचीच."

"चाखलीत?"

"नाही."

"मग गोडी मोजलीत कशानं?"

काउंटरवर बाटल्या उघडणारे एक जण आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. ते म्हणाले, "मॅडम, याचं वासावरच भागतं. पगारपण वासावरच द्या!" सगळे हसले. माझे कान तापले.

मला निफाडचं आपलं स्वयंपाकघर दिसायला लागलं. पोळ्याचा दिवस आहे. मी पुरणात बोट घालतो आणि तू हातावर चापट मारतेस. "उष्टं नको करू. आधी देवाचं पान." सणाच्या दिवशी तू स्वतःही चाखत नाहीस. आमटीवरचं झाकण उचलतेस, वाफ नाकाशी घेतेस आणि म्हणतेस, "मीठ कमी हाय." न चाखता कसं कळलं, असं मी विचारतो. "मग नाक काय नुसतं नथ घालायला दिलंय का?" ते न चाखणं मी इतकं पक्कं शिकलो की पाहुण्याला द्यायचं ते आधी आपण तोंडाला लावायचं, हे माझ्याच्यानं होईना. इतके दिवस मी बाटल्या नुसत्या हुंगत आलो. बाकीच्या वाइन तेवढ्यानं ओळखू येतात. हिनं मात्र फसवलं. हिच्यातली कडक दारू आधी नाकात शिरते आणि गोडी मागे दडून बसते.

हे सगळं मी मॅडमना अडखळत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाक चांगलं तयार केलंय आईंनी. पण मी न चाखलेलं पाहुण्याला देत नाही. घ्या, आणि लगेच गिळू नका." मी घेतली. आधी जीभ चुरचुरली. मग मनुका आल्या, मग सुंठ. आणि घोट घशाखाली गेल्यावर, बऱ्याच वेळानं, एक किंचित करपलेली गोडी वर आली. ती ओळखीची होती. पुरणाच्या पातेल्याची खरवड! सगळ्यांची जेवणं उरकल्यावर तू ती उलथन्यानं काढायचीस आणि अर्धी माझ्या तळहातावर ठेवायचीस. मी तेवढंच बोललो. मॅडम म्हणाल्या, "उद्या हेच सांगा. पाठ केलेलं काही नको."

तर हेच सांगणार आहे. आवाज कापला तरी सांगणार आहे. काका हसले तरी शेवटपर्यंत सांगणार आहे.

मध्ये उठून पुरण घोटून आलो. हे पत्र टाकायचं कुठे, ते मलाही माहीत नाही. घडी करून कामाच्या शर्टाच्या खिशात ठेवतोय. एवढ्यात तुझं पानही वाढून झालंय. फक्त एक गोष्ट तुला सांगायला हवी. पुरणाचा वास बरोबर येत होता, तरी वाढण्याआधी मी चमचाभर चाखून पाहिलं. गूळ कमी होता. घातला, आणि मग वाढलं.