सगळ्याला अलाउ

२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. कागदावर. फोनवर लिहिण्याएवढा मी दूधखुळा नाही, फोन कोणीही वाचतं. वही शर्टांच्या खाली ठेवणार आणि तिच्यावर एक केस आडवा. केस हलला की कळेल.

नोंदीसाठी: नळ, बेसिन आणि फरश्यांच्या गोदामात मी गेटवर तपासनीस आहे. सुटायच्या वेळी प्रत्येकाची पिशवी, डबा, हेल्मेट बघतो. आजवर एक तोटी बाहेर गेलेली नाही. गेली असेल तर माझ्या सुट्टीच्या दिवशी. नुसता चेहरा बघून मला माणूस कळतो.

घरात मात्र या गुणाची किंमत शून्य. आम्ही सासऱ्यांच्या घरात वरच्या मजल्यावर राहतो, ते खाली. वजनमाप खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले, पण खातं काही सुटलं नाही. बाजारातून आणलेले बटाटे घरी परत तोलतात. मलाही रोज तोलतात आणि मी रोज कमी भरतो. गच्चीची किल्ली मागितली तेव्हा म्हणाले, राहू द्या, तुमचे कपडे मीच वाळत घालीन. लग्नाला नऊ वर्षं झाली.

संकल्प: यंदा वेगळं घर. भाड्याचं का होईना. आमच्या जॉइंट अकाउंटमध्ये डिपॉझिटचे निम्मे पैसे साठलेत. त्यातले बरेचसे हिच्या शिवणकामाचे आहेत, पण अकाउंटवर नाव माझं पहिलं आहे. उरलेले निम्मे मी आणणार. कसे, ते ठरायचंय.

३ फेब्रुवारी, मंगळवार

ठरलं.

शाळेतल्या मित्राचा मेसेज आला. तो आता टायरचं दुकान चालवतो. किती वर्षांनी आठवण काढली! अ‍ॅपवर लाल की हिरवा एवढंच ओळखायचं, त्याने म्हणे महिन्याभरात गाडी घेतली. खाली लिंक.

मी लगेच उडी मारणाऱ्यातला नाही. आधी नेहमीच्या अ‍ॅप स्टोअरमध्ये शोधलं. नाही सापडलं. तेव्हाच ओळखलं. आमच्या गोदामातही भारी माल शोकेसमध्ये नसतो, आतल्या खोलीत असतो. शिवाय स्टोअरवाले आपली सगळी माहिती ठेवून घेतात. ही फाइल थेट येते, मध्ये कोणी नाही.

फोनने अडवलं. अनोळखी ठिकाणची फाइल आहे, धोका असू शकतो वगैरे. त्यांचं कमिशन बुडतं, म्हणून पोटात दुखतं. सेटिंगमध्ये जाऊन तो अडसर काढला. व्हायरस पकडणारं जे काही होतं तेही बंद केलं, तशी सूचना अ‍ॅपनेच दिली होती. मग अ‍ॅपने परवानग्या मागितल्या. कॉन्टॅक्ट, मेसेज, कॅमेरा, स्क्रीन. अलाउ, अलाउ, अलाउ, अलाउ. विचारून घेतं हे मला आवडलं. आमच्या घरात कोणी मला विचारून काही घेत नाही.

खबरदारी म्हणून पुढच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. कोण बघत असेल सांगता येत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

जिंकलो! पाचशे टाकले, बावीसशे झाले. लाल, लाल, हिरवा. यात एक पॅटर्न आहे. ज्याला चेहरे वाचता येतात त्याला रंग काय अवघड?

संकल्प: डिपॉझिटचा आकडा गाठला की त्याच दिवशी खेळ बंद.

अ‍ॅपच्या कस्टमर केअरमधल्या मॅडमचा मेसेज आला: अभिनंदन, सर. सर! गोदामात मला “ए गेट” म्हणतात. मॅडम पुढे म्हणाल्या, ही गोष्ट कोणाला सांगू नका, लोक जळतात, आजच्या काळात कोणावरही विश्वास ठेवू नका. अगदी माझ्या मनातलं बोलल्या. अशा बाईवर विश्वास बसणारच.

७ फेब्रुवारी, शनिवार

टायरवाला मित्र रस्त्यात भेटला. हळूच आभार मानले. तर म्हणतो, कसली लिंक? त्याने म्हणे मला काहीच पाठवलेलं नाही, त्याचा फोन बिघडलाय, ओळखीच्या सगळ्यांना आपोआप कायबाय जातंय. तू उघडली नाहीस ना, असं दोनदा विचारलं. मी म्हणालो, छे छे.

माणसं किती सहज खोटं बोलतात! नवी गाडी कुठेय विचारलं, तर कसली गाडी म्हणाला. चालत आला होता. मुद्दाम. पैसा आला की माणूस असाच लपवतो.

मीही सोमवारपासून कामावर चालत जाणार.

९ फेब्रुवारी, सोमवार

चालत गेलो नाही. चपलेचा अंगठा तुटला.

फोन तव्यासारखा तापतो. स्क्रीन मध्येच आपोआप उजळते. संशय चार्जरवर, कारण तो हिच्या भावाने दिलेला आहे. फेकून दिला, नवा आणला. तरी तापतो. म्हणजे खोट विजेतच आहे. मीटर खाली, सासऱ्यांच्या दाराशी.

एक बरं झालं. बँकेचे मेसेज यायचे बंद झाले. पूर्वी दहा रुपये कापले तरी टुंग करून सांगायचे. आता कशी शांतता आहे. अ‍ॅपचाच गुण असणार.

११ फेब्रुवारी, बुधवार

गेटवर तमाशा. स्टोअरकीपरने पिशवी दाखवायला नकार दिला. म्हणाला, आधी मला सांग, मी चोर नंबर दोन कसा?

मी गारच पडलो. माझ्या फोनमध्ये त्याचा नंबर “चोर नंबर दोन” या नावाने सेव्ह आहे. पण हे जगात फक्त मला माहीत आहे! तो सगळ्यांसमोर ओरडून सांगायला लागला, की मीच त्याला मेसेज केलाय: प्रिय चोर नंबर दोन, मी घर घेण्याएवढे पैसे जिंकलो, तूही ये. स्वतःचा फोन माझ्या नाकासमोर धरला. मी डोळे मिटून घेतले. खोटे पुरावे हल्ली कोणीही बनवतं, एकदा बघितलं की आपण अडकलोच.

त्याचा खरा राग वेगळाच निघाला. जाताना विचारत होता, मग एक नंबर कोण? मी सांगितलं नाही. (ड्रायव्हर.)

१२ फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. देह मोठा, आवाज एवढासा. म्हणाले, मी तुम्हाला कसा दिसतो? मी म्हणालो, भारदस्त. म्हणाले, मग फुगा कोण?

साहेबांचा नंबर “फुगा” नावाने सेव्ह आहे.

उद्यापासून मी फुटक्या फरश्या मोजायला. गेटवर आजपासूनच स्टोअरकीपर. आज संध्याकाळी माझी पिशवी त्याने तपासली. डबा उघडून हुंगलासुद्धा. चोराच्या हातात गेट दिलंय, होईल तो तोटा साहेबांनी सोसावा.

एक गोष्ट उघड आहे: कोणीतरी माझे कॉन्टॅक्ट बाहेर फोडतंय. फोनचं लॉक फक्त मला येतं. आणि मी उघडताना मागे उभं राहून जिने पाहिलं असेल, तिला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

संशय खरा ठरला. हिने जेवायला हाक मारली ती अशी: या, चौकशी विभागाने पानं घेतलीत.

हिचा नंबर “चौकशी विभाग” नावाने सेव्ह आहे.

सरळ विचारलं, माझा फोन बघतेस का? म्हणाली, मला कशाला बघायला हवा, तुमचा फोनच माझ्याकडे चालत येतो. सरळ उत्तर देईल तर शपथ. मग माझ्यासमोर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, अहो, पैसे लावून काही खेळताय का? खरं सांगा, मी ओरडणार नाही. तिने असं विचारलं की मला आतून हलल्यासारखं होतं. म्हणून मीच ओरडलो. नवऱ्यावर संशय घेतेस, लाज नाही वाटत, वगैरे. ती उठली आणि शिवायला बसली. बराच वेळ मशीनचा आवाज येत होता, पण नंतर पाहिलं तर सुईत दोराच नव्हता.

डिपॉझिट एकदम हातात ठेवीन तेव्हा कळेल तिला.

फोनचं लॉक बदललं. नवं इतकं अवघड आहे की मलाच तीनदा जमलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

सासरे वर आले. ते कधी वर येत नाहीत. आले आणि माझ्याकडे बघून हसले. मी मागे वळून पाहिलं, मागे कोणी नव्हतं.

म्हणाले, माणूस ओळखायला मला जरा वेळ लागतो, जावईबापू. आणि गच्चीची किल्ली माझ्या हातात दिली. मला घामच फुटला. नक्की काहीतरी शिजतंय. जाता जाता विचारलं, हिरव्याबद्दल तुमचं काय मत? मी म्हणालो, चांगला रंग आहे. त्यांनी मान डोलावली.

भिंती रंगवताहेत. म्हणजे घर विकताहेत. म्हणजे आम्हाला बाहेर काढणार. आता घाई केली पाहिजे.

किल्ली कुलपाला लावून पाहिली. खरी आहे. त्यामुळे संशय वाढला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये डिपॉझिटपेक्षा जास्त रक्कम! विथड्रॉ दाबलं. मॅडम म्हणाल्या, सर, आधी व्हेरिफिकेशन फी. बरोबर आहे, एवढी रक्कम कोणाच्याही हातात कशी देतील? जॉइंट अकाउंटमधून भरली. मग म्हणाल्या, टॅक्स. तोही भरला. इतका काटेकोर कारभार आमच्या गोदामात नाही.

संध्याकाळपासून मॅडमचं उत्तर नाही. कामाचा लोड असेल. थेट ऑफिसात जाऊन पैसे आणावेत म्हटलं, तर पत्ता कुठेच दिलेला नाही. गुप्तता पाळतात, त्यात आपलंच हित आहे.

झोप लागली नाही. विजेमुळे असेल.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

बँकेत गेलो. अकाउंट रिकामं. फी आणि टॅक्स मी भरला होता, पण बाकीचं? कॅशियरच्या चेहऱ्यावर मला संशय आला. मी आवाज चढवल्यावर मॅनेजरबाई आल्या.

म्हणाल्या, पैसे ओटीपी टाकून गेलेत आणि ओटीपी तुमच्याच फोनवर आलेत. मी म्हणालो, एकही आला नाही. म्हणाल्या, आले, फक्त तुमच्याआधी दुसऱ्याने वाचले. बाहेरून एखादं अ‍ॅप टाकलंय का? मी नाही म्हणालो. त्यांनी फोन मागितला. मला लॉक उघडेना. मागे रांग लागली तेव्हा कुठे उघडलं.

बाईंनी फोनच्या पोटातून माझ्याच नंबरवरून गेलेले मेसेज काढून दाखवले. प्रिय फुगा. प्रिय चोर नंबर एक. प्रिय चौकशी विभाग. ज्याचं जे नाव मी सेव्ह केलेलं, त्या नावाने त्याला मेसेज. इतके दिवस मी घरात आणि गोदामात जो फितूर शोधत होतो, तो माझ्या खिशात होता, आणि त्याला आत मी घेतलं होतं.

बाई म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता पोलिसांत तक्रार करा आणि सगळ्यांना कळवा, लिंक उघडू नका म्हणून. तक्रार केली. बँकेच्या फोनवरून एकेकाला फोन लावले, सासरे सोडून. माझा आवाज ऐकला की लोक ठेवून देत होते.

हिचे शिवणाचे पैसे गेले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी हिला सांगितलं. बँकेची चूक अशी सुरुवात केली होती, पण हिच्यासमोर ती दोन वाक्यंही टिकली नाही. सगळं सांगितलं. ही रडली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग डोळे पुसून म्हणाली, एकच करा, बाबांना कळू देऊ नका. त्यांचं मन तुमच्या बाजूने आत्ता कुठे वळायला लागलंय.

तेवढ्यात खालून हाक आली. जावईबापू, चहाला या.

पाहुण्यांच्या कपात चहा. स्वतःशेजारची खुर्ची. ही दाराशी उभी. सासऱ्यांनी चष्मा लावला आणि फोन लांब धरून मोठ्याने वाचलं: प्रिय आदरणीय बाबा, मी घर घेण्याएवढे पैसे जिंकलो, तुम्हीही या.

सगळ्या फोनमध्ये तेवढं एकच नाव मी धड सेव्ह केलं होतं. तेही आदराने नाही. ही माझा फोन बघते असा संशय होता, म्हणून.

ते म्हणाले, नऊ वर्षांत तुम्ही मला तोंडावर कधी आदरणीय म्हणाला नाहीत, पण मनात होतं तर! माझंच माप चुकलं. त्यांनी निवृत्तीचे पैसे अ‍ॅपमध्ये टाकलेत. बहुतेक सगळे. हिरव्यावर. वॉलेटमध्ये केवढा आकडा झालाय, तो मला दाखवला. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता. म्हणाले, या पैशात तुम्हा दोघांना घर घेऊन देतो. भाड्याचं नको, स्वतःचं.

हिने दाराची चौकट धरली.

ते म्हणाले, फक्त पैसे काढायचे तर त्या मॅडम आधी व्हेरिफिकेशन फी मागतात. तुम्हाला यातला अनुभव आहे.

मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, बाबा, फी भरू नका. एक रुपयाही भरू नका. मला स्वतःची एवढी लाज वाटत होती की त्यांच्याकडे बघवेना. त्या अ‍ॅपबद्दल मी त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.

ते म्हणाले, सकाळीच भरली. आधी तुम्हाला विचारायला वर येत होतो. मग जिन्यातूनच परत फिरलो. म्हटलं, जावयाच्या शब्दावर अजून किती संशय घ्यायचा?