हॉटेलात नको म्हणायची रीत

१२ जानेवारी १९८६, रविवार

ही डायरी नातीनं दिली. हेमा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर आहे, तिथं कुणी वाटल्या. बोलली, आजी, तू दिवसभर बोलत असतेस, त्यातलं वायच यात लिही, आमच्या कानांना सुट्टी. मी तिसरी पास. चौथीत बसले होते, पण म्हैस व्याली आणि शाळा राहिली. म्हैस चांगली निघाली. अक्षरही माझं चांगलंच आहे, इतरांना लागत नाय हा त्यांचा दोष.

मोठी बातमी. हेमाला चिपळूणहून स्थळ आलं. मुलगा परशुराम, लोटे गावच्या कारखान्यात सुपरवायझर. पण बघायला घरी येणार नायत. मुलाची आई वासंतीबाई सुधारलेली. तिचा निरोप, हॉटेल सागरदीपमध्ये जेवायला भेटू, उगाच कुणाला चुलीपाशी राबायला नको. आमची सून विमला हे ऐकून अशी हसली की तिचे दात इतके आहेत हे मला आज कळलं.

माझा मुलगा श्रीपती बोलला, आये, तू घरी थांब. तिथं काटेचमचे असतात. तुला हॉटेलची सवय नाय.

मला! आमचे हे मुंबईला गिरणीत होते तेव्हा मला इराण्याकडे घेऊन गेले होते. दोन मस्कापाव आले. हे बोलले, खातेस? मी रीतीप्रमाणे नको बोलले. ह्यांनी दोन्ही खाल्ले. पण गेलेली आहे मी हॉटेलात, हा मुद्दा.

संकल्प: महिन्याभरात रत्नागिरीतली हॉटेलं शिकून टाकायची. लहानापासून सुरू करून सागरदीपपर्यंत. नातीला न्हाऊमाखू मी घालायचं आणि जावई बघायला मी घरी? हॅ.

१५ जानेवारी

शेजारच्या सखूला सोबत घेऊन स्टँडजवळ केरूच्या चहाच्या टपरीवर गेले. चहा घेतला. केरू भजी तळत होता. बोलला, आजी, भजी देऊ? मी बोलले, नको. असंच बोलायचं असतं. विचारल्याबरोबर हो म्हटलं तर माणूस उपाशी वाटतं.

तर मेला बोलला, बरं. आणि माझी भजी एका ड्रायव्हरला दिली.

सखू बोलली, तू नको बोललीस ना गो. तिला समजावलं. पहिला नको तोंडाचा, दुसरा रीतीचा, तिसरा आला तर तो पोटाचा. दुसऱ्या नकोनंतर त्यानं वाढायला हवं होतं. सखू मान हलवत होती, पण तोंड भरलेलं होतं. तिनं पहिल्या विचारण्यालाच हो बोलून प्लेट घेतली होती. तिचं माहेर घाटावरचं. तिकडे आग्रह नसतो, नुसतं जेवण असतं.

एकंदरीत टपरी आली मला.

२१ जानेवारी

उडप्याकडे गेलो. फॅमिली रूममध्ये बसलो. सखू बोलली, आपण फॅमिली कुठं? मी बोलले, गप बस आणि पदर घे. मसाला डोसा मागवला. नवऱ्याच्या धोतराएवढा आला.

वेटर बोलला, सांबार और? मी बोलले, नही. हिंदीतही रीत सोडली नाय. तो गेला. परत आला, चटणी? नही. गेला. पाणी? आता इतक्या वेळा नही म्हटल्यावर पाण्यालाच हो कसं म्हणायचं. नही बोलले. मग ठसका लागला. सखूनं पाठ चोळली आणि स्वतःच्या पेल्यातलं पाणी पाजलं. सांबाराची वाटी तिनं अगोदरच संपवली होती.

ही पोरं मंगळूरहून एवढ्या लांब येतात, पण आयांनी त्यांना आग्रह शिकवलेला नाय. मी त्याला जवळ बोलावून सांगितलं, बाबा, माणूस नको बोललं की दोनदा विचारावं, पुण्य लागतं. तो बोलला, अम्मा, टेबल खाली करो. पटलं असावं. कारण नंतर गल्ल्यावरच्या मालकाला माझ्याकडे बोट दाखवून काही सांगत होता, आणि मालक हात जोडत होता.

घरी येऊन श्रीपतीला सांगितलं, उडप्याचंही झालं. त्यानं कपाळाला हात लावला. कौतुक बोलून दाखवायची त्याला लहानपणापासून सवय नाय.

२२ जानेवारी

पोट बिघडलं नाय. बिघडायला काही गेलंच नव्हतं.

२९ जानेवारी

गंगुबाईची खानावळ. मच्छीची. इथं मात्र माणसं सापडली!

आमच्याकडे वाढणारीण आली की ताटावर दोन्ही हात आडवे धरायचे, नको नको करायचं, आणि तिनं हातांच्या फटीतून वाढायचंच. तशी मी भातावर हात धरून बसले. वाढपी रघू कढीची बादली घेऊन आला आणि माझ्या हातावरच ओतली. कढत. डोळ्यांतून पाणी आलं, पण मन निवलं. याला म्हणतात वळण. सखू बोलली, तो पंख्याकडे बघत होता, तुझ्याकडे नाय. सखूला माणसातलं चांगलं दिसत नाय.

बांगडा झकास होता म्हणे. माझ्या ताटातला मी दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत राहिले तोवर मांजरीनं नेला.

३ फेब्रुवारी

हेमानं हाताला मलम लावलं. कुठं भाजलं ते खोदून विचारलं. सगळं सांगितलं तशी आधी हसली, मग माझा हात धरून बसली. बोलली, आजी, हॉटेलात एकदाच विचारतात. हो तर हो, नको तर नको. आमच्या एक्स्चेंजमध्येही तसंच असतं. बोलणं झालं का विचारायचं, झालं बोलले की लाइन काढायची. मनातलं ओळखत बसले तर सगळ्या जिल्ह्याच्या लाइनी अडकतील.

मग हळूच बोलली, मला चिपळूणच्या माणसांना एवढंच सांगायचंय, की मी नोकरी सोडणार नाय. बाकी काही अट नाय. बाबा म्हणतात ते लग्नानंतर बघू. आजी, तू माझ्या बाजूनं बस हां.

पोरगी नोकरीत रमलीय. कानाला ते यंत्र लावून बसली की कलेक्टरीणबाईसारखी दिसते. साऱ्या जिल्ह्याची बोलणी तिच्या हातातून जातात, आणि मेली मला त्यातलं एक सांगत नाय.

नवा संकल्प: नको बंद. सागरदीपमध्ये फक्त हो. हेमाची मान खाली जाता कामा नये.

७ फेब्रुवारी

हो म्हणायची प्रॅक्टिस चालू. जिभेला फार जड जातं. विमलाच्या लक्षात आलं.

आत्याबाई, तांदूळ निवडता? हो. आत्याबाई, नारळ खवता? हो. माझी आई आठ दिवस राहायला येऊ दे? हो. सखूनं माझी पितळी घागर मागितली. हो. सकाळी श्रीपती घाईत बोलला, आये, पुढच्या रविवारी आम्ही सागरदीपला जाऊ, तू घरीच थांबतेस ना? हो! जिभेवरून सुटलाच. तो खूष होऊन ऑफिसला गेला.

संध्याकाळी हेमानं निस्तरलं. बापाला बोलली, आजी नाय तर मीही नाय. श्रीपती बोलला, दोघी एकाच माळेचे मणी. म्हणजे माझी हेमाशी बरोबरी केली. हिशेब करता प्रॅक्टिस सफल.

१६ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ

आज सागरदीप. गोड आठवणी आहेत तशा लिहिते.

दारात जाडा गालिचा होता म्हणून चपला बाहेर काढल्या. आत बघते तर सगळे चपला घालून. कुणाला वळण नाय. पेल्यात कापडाचं कमळ खोचलेलं. मी ते काढून पिशवीत ठेवलं, लग्नघरी मिळतं तसं वाटलं. श्रीपतीनं ते टेबलाखालून परत घेतलं.

माझ्या एका बाजूला हेमा, दुसऱ्या बाजूला वासंतीबाई. दागिना बेताचा, आवाज मोठा. तिचा नवरा महिपतराव फक्त खाकरतो. मुलगा परशुराम उंच, कान वायच पुढे, खाली मान घालून बसलेला.

वेटर बोलला, सूप? हो. पापड? हो. कोळंबी? हो. पनीर? हो. पनीर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण मी मागे हटले नाय. टेबल असं भरलं की महिपतरावांना खाकरायला जागा नव्हती. विमला माझ्याकडे बघत होती. तिनं अशी सासू कधी बघितली नसेल.

कोळंबी तोंडात असताना वासंतीबाई बोलली, आजी, लग्नानंतर हेमा नोकरी सोडेल ना?

जीभ तयारच होती. हो.

श्रीपतीनं सुस्कारा सोडला, सुटल्यासारखा. हेमानं माझ्याकडे बघितलं. आता लिहिताना वाटतं, तेव्हा मला काही बोलता आलं असतं. पण कोळंबी गरम होती.

वासंतीबाई हेमाला बोलली, बरोबर आहे, ती दगदग कशाला, दे सोडून. हेमा बोलली, नको. मला ते काम आवडतं. वासंतीबाई हसून बोलली, मुलीनं असं बोलायचंच असतं. बाई मला एकदम आपल्यातली वाटली. चिपळूणची असून रीत जाणते! ती परत बोलली, घरात कशाला कमी नाय, आरामात राहा, दे सोडून. हेमा बोलली, नको. मी मनात बोलले, हा रीतीचा. वासंतीबाईनं तिच्या ताटात पनीर वाढलं आणि तिसऱ्यांदा बोलली, ऐक माझं, सोड.

हेमा बोलली, नको. आवाज चढवला नाय. चमचा खाली ठेवला, बस. हा तिसरा नको कुठून आला ते मला कळलं.

वासंतीबाई चौथ्यांदा तोंड उघडणार तेवढ्यात मुलगा बोलला, आई, ती नको बोलली ना. सगळ्या जेवणात तो एवढंच बोलला. आईला मध्येच तोडतो. वळण नाय.

मग आइस्क्रीम आलं, ते सगळ्यांचं वितळलं. वासंतीबाई बोलली, कळवतो.

एकंदर कार्यक्रम उत्तम. माझ्याकडून काही सांडलं नाय.

२० फेब्रुवारी

चिपळूणहून वासंतीबाईचा नकार आला. श्रीपती बोलला, आये, कोळंबी चावायची तरी होतीस आधी. विमला चहा टाकायला गेली. तिची आई आली आहे आठ दिवसांसाठी.

चूक वासंतीबाईची. तीनदा विचारलं होतं तर आणखी दोनदा विचारायला काय जात होतं.

२१ फेब्रुवारी

हेमा माझ्याशी बोलत नाय. भांडत नाय, टाळतही नाय, ताट वाढते, चादर झटकून देते, पण बोलत नाय. बाजूनं बस म्हणाली होती. मी बाजूलाच बसले होते की. शेजारच्याच खुर्चीत.

चूक माझीही थोडी. वायच.

२६ फेब्रुवारी

आज रागानं सखूकडून घागर परत आणायला गेले. ती बोलली, चहा घेतेस? नको बोलले. तिनं नाय दिला. घागरही नाय दिली.

२ मार्च, रविवार

मजाच झाली! गुरुवारी त्या परशुरामानं स्वतः एक्स्चेंजला फोन केला. हेमाच्याच बोर्डावर लागला. बोलला, आईचं आईपाशी. तुमच्या नोकरीला माझी ना नाय, आईची असली तर तिच्याशी मी बोलेन. रविवारी रत्नागिरीत येतोय. स्टँडच्या कँटीनमध्ये चहा घ्याल? हेमा एकदा विचारल्याबरोबर हो बोलली. हे सगळं तिनं आपण होऊन मला सांगितलं, म्हणजे अबोला सुटला. तिच्या वेणीला मी अबोलीचा वळेसर माळला आणि विचारलं, मी येऊ सोबत? हेमा हसून बोलली, नको. मी परत विचारलं नाय. हॉटेलं शिकल्याचा फायदा.

पण माझी बहीण मालगुंडला आहे आणि मालगुंडची गाडी स्टँडवरूनच सुटते. तिथं चौकशीला जायला कुणाची बंदी नाय. गाडीला वेळ होता. मग उन्हात उभी कशाला राहू, म्हणून कँटीनमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर बसले.

दोघं पलीकडे. तो काही सांगत होता, हेमा हसत होती. हसताना तोंडावर हात धरायची तिची सवय, आज तीही विसरली होती. टेबलावर बटाटवड्यांची प्लेट. पोरगा मान वर करून बोलतो तेव्हा कान एवढे पुढे वाटत नायत.

त्यानं मला बघितलं. उठून आला, वाकून नमस्कार केला. बोलला, आजी, एकट्या का? आमच्या टेबलावर या ना. गरम वडे आहेत.

मला इतका आनंद झाला, इतका, की सगळी प्रॅक्टिस तिथंच राहिली. तोंडातून आलं, नको.

तो बोलला, बरं आजी. आणि जाऊन बसला.

मी पिशवी उचलून, पदर सारखा करून, खुर्चीच्या कडेवर तयार बसले. वाट बघितली. एक वडा हेमानं खाल्ला. एक त्यानं. मग राहिलेला त्यांनी अर्धा अर्धा केला. माझ्याकडे कुणी बघितलं नाय. मालगुंडची गाडी लागली आणि सुटलीसुद्धा.

मुलगा चांगला आहे. एकदा नको म्हटलं की त्याला कळतं. हेमाला असाच हवा.

मला वडा हवा होता.