जंतू मेल्यावर

दादास,

हे पत्र तुला देणार नाही. तुला सगळं कळलं तर माझी मजा जाईल.

गॅरेजमध्ये गुडघ्यात तार घुसली आणि सांध्यात पू झाला, एवढंच तुला माहीत आहे. पुढचं डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं. जंतू औषधाने केव्हाच मेले होते. पण सांध्यातल्या रक्षक पेशी एकमेकींना हाका मारतात, हाकेसरशी आणखी पेशी धावून येतात, आणि शत्रू संपला तरी ओरडा थांबत नाही. हाडांवरची गुळगुळीत गादी तुझ्याच पेशींनी कुरतडली.

"त्या बिचाऱ्या राखणच करत होत्या," बाई म्हणाल्या. मी पदरात तोंड लपवून हसले. त्यांना वाटलं, रडतेय.

तो रंगारी आठवतो? जिना रंगवताना माझ्याशी दोन शब्द बोलला होता. तू मामाला फोन केलास, मामाने काकांना, आणि सगळ्यांनी मिळून त्याला पळवून लावलंत. त्याला आता पोरंबाळं झाली, तरी माझ्यावर नजर ठेवायचे तुमचे एकमेकांना फोन थांबले नाहीत. माझं शिवणकाम सुटलं, मैत्रिणी तुटल्या. तू कामावर निघालास की दाराला बाहेरून कडी. "तुझ्या भल्यासाठीच गं."

आता तुझा गुडघा वाकणार नाही. उद्यापासून मी कपड्यांच्या कारखान्यात शिवायला जातेय. एकटा जिना उतरायला जाशील आणि पडशील, म्हणून बाहेरून कडी लावून जाईन. मामाला आधीच फोन केलाय. तो म्हणाला, "पोरगी शहाणी झाली."

तुझ्या भल्यासाठीच रे.

तुझी राखणदार,
धाकटी