कूलरच्या दुकानाचं काय करायचं

बाबा, आज दुपारी मी आपल्या दुकानाचं शटर उघडलं. ते अर्ध्यावरच अडकलं, म्हणून वाकून आत आलो आणि तुमच्या स्टुलावर बसून हे लिहितोय. मी सुट्टीवर यवतमाळला आलोय, पोलंडहून. पोलंड कुठं आहे हे तुम्हाला सांगावं लागेल, कारण तुम्ही होता तेव्हा आपल्या घरात परदेश म्हणजे फार तर दुबई. हा त्याहून बराच वर आहे, थंड देश आहे, आणि तिथल्या एका लहान शहरात मी हवा खेळवायचे पत्र्याचे चौकोनी नळ बनवायच्या कारखान्यात कामाला आहे. म्हणजे इतका लांब जाऊन पुन्हा पत्राच वाकवतोय. तुम्ही हसाल. मलाही पहिल्या दिवशी हसू आलं होतं. ते लोक मशीनवर घडी घालतात, पण कोपरा दाबायची वेळ आली की माझा हात आपोआप तुमच्यासारखा तिरपा होतो. तिथल्या मुकादमानं विचारलं, हे कुठल्या शाळेत शिकलास? पॉलिटेक्निकचं नाव सांगून मोकळा झालो. खरी शाळा ही, पण ती त्याला कशी समजावणार?

लिहायचं कारण असं की उद्या सकाळी शेजारचा मोबाइलवाला उत्तर मागायला येणार आहे. त्याला आपलं दुकान भाड्यानं हवंय, कायमचं, मधली भिंत पाडून. माणूस चांगला आहे. आईला काकू म्हणतो, तिचा फोन बिघडला तर फुकट नीट करून देतो. तुमच्यानंतर काही उन्हाळे काकांनी दुकान चालवलं, मी सुट्टीत हाताखाली असायचो. मग काकांचे गुडघे गेले, मी परदेशी गेलो, तेव्हापासून कुलूप आहे. आई अधूनमधून येऊन झाडून जाते. झाडण्यासारखं इथं काय आहे कोण जाणे. काल जेवताना मी तिला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे? ती म्हणाली, "मले काय इचारतं? तुले वापस याचं असन तर ठेवू. नसन याचं तर देऊन टाकू. तू सांग ना." एवढं सोपं करून तिनं भाकरी वाढली. म्हणजे प्रश्न दुकानाचा नाहीच, माझा आहे, आणि मला त्याचं उत्तर येत नाही. दोन दिवस झाले, मी मोबाइलवाल्याला हो म्हणायला तोंड उघडतो आणि भलतंच काहीतरी बोलतो.

तुम्हाला वाटत असेल, तिथं बरं चाललंय तर राहा. बरं चाललंय का, हेच मला कळत नाही. एका विधवा आजीबाईंच्या घरात माडीवरची मागची खोली घेतलीय. पलंग, टेबल, एक शेगडी. जॅकेट जुन्या कपड्यांच्या दुकानातलं, कुण्या जाड्या माणसाचं असावं, आत मी आणि आणखी अर्धा मी मावतो. एकाच भांड्यात आधी भात, मग वरण, आणि आईनं दिलेलं तिखट मी असं पुरवून वापरतो की तुम्ही मला चिक्कू म्हणाला असता. पण उपाशी नाही, आजारी नाही, कुणी वाईट वागत नाही. फक्त सगळं उलटं आहे. खिडकीचंच घ्या.

तुम्हाला आठवतं, गिऱ्हाइकाचा फोन यायचा की कूलर थंड हवा देत नाही, आणि तुम्ही मला सायकलवर पुढं बसवून त्याच्या घरी जायचात. लोक खोली गच्च बंद करून कूलर लावून बसलेले, सगळे घामानं चिंब, अंथरूण ओलसर. तुम्ही कूलरला हातही लावायचा नाहीत. सरळ जाऊन समोरची खिडकी उघडायचात आणि म्हणायचात, "आदी खिडकी उघडा, मंग मले शिव्या द्या." हवा बाहेर गेल्याशिवाय नवी हवा आत येत नाही, हे मी पाढ्यांच्या आधी शिकलो. एकदा तर तुम्ही मला याच दुकानात, गिऱ्हाइकांसमोर झापलं. मी कूलरच्या जाळीच्या ताटीत वाळा ठासून ठासून भरला होता, जास्त भरला की जास्त थंड होईल असं मला वाटलं. तुम्ही तो सगळा उपसायला लावला. "हवा कुठून येइन? तुह्या नाकात कापूस कोंबून पायतो काय?" लोक हसले, मी रडलो, आणि मग तुम्ही कोपऱ्यावरून उसाचा रस पाजलात. समजूत घालायची तुमची तेवढीच एक पद्धत होती.

तर पोलंडमध्ये पहिल्या हिवाळ्यात मी हीटर सुरू केला आणि खिडकी उघडली. विचार करून नव्हे हो, हात गेलाच. यंत्र चालू आहे म्हणजे खिडकी उघडी हवी, एवढंच माझ्या हाताला माहीत. बाहेर बर्फ, आत मी खिडकी उघडी टाकून हीटरला चिकटून बसलेला, आणि मनात म्हणतोय, कसला भिकार हीटर आहे, खोली तापतच नाही. काही दिवसांनी आजीबाई तणतणत वर आल्या. म्हणाल्या, तू रस्ता गरम करतोयस का? मी मोडक्यातोडक्या भाषेत समजावलं की आमच्याकडे खोलीत हवेचं यंत्र लावलं की खिडकी उघडी ठेवतात. त्या म्हणाल्या, मग तुम्ही भिंती कशाला बांधता? मी खिडकी बंद केली ती केलीच. हिवाळा संपता संपता भिंतीला बुरशी आली. आजीबाई पुन्हा वर. आता काय, तर रोज सकाळी खिडकी थोडा वेळ सताड उघडायची आणि मग घट्ट लावायची, एवढीही अक्कल नाही का तुला! म्हणजे तुमचंही खरं निघालं, त्यांचंही खरं निघालं, आणि मूर्ख तेवढा मी. मला चिडायचं होतं, पण नेमकं कुणावर ते समजेना.

हे एकवेळ विनोद म्हणून सोडून देता आलं असतं. पण इथं आल्यावर परवा दुपारी मी आपल्या घरात कूलर सुरू केला आणि उठून खिडकी लावून घेतली. माझ्या लक्षातही आलं नाही. आई स्वयंपाकघरातून आली आणि दारातच थांबली. "काय करून राह्यला तू? खिडकी काहून लावली? किती उबून राह्यलं अंदर!" मी खिडकीकडे बघितलं, कडी माझ्याच हातानं लागली होती. कूलरवाल्याचा मुलगा, बाबा! आई हसायला लागली, मीही हसलो, पण नंतर मला फार विचित्र वाटलं. तिथं माझा हात इथला होता. इथं आलो तर तो तिथला झालाय. मग मी नेमका कुठला धरायचा? मी आईला म्हटलं, तू चल ना माझ्यासोबत. ती म्हणाली, "थ्या बुढीसंग मी कोन्या भाषेत भांडू? भांडाले तं कोनी पायजे ना बाप्पा." तेही खरंच आहे.

आता लिहिता लिहिता मधेच एक बाई शटरखालून डोकावून गेल्या. ऑटोत कूलर टाकून आल्या होत्या. "भाऊ, दुकान चालू झालं काय? बरं झालं बाप्पा. मोटर पानी खेचून नाई राह्यली." मी दुकान बंद आहे म्हणायला उठलो आणि कूलर उतरवूनच घेतला. मोटर काढली, जाळीत शेवाळ अडकलं होतं, ते खरवडलं, नळीची भोकं तारेनं मोकळी केली. पाणी धो धो ताट्यांवर पडायला लागलं आणि ओल्या वाळ्याचा वास आला. मला इतका आनंद झाला की त्या बाई काय विचारतात तेही ऐकू आलं नाही. त्या विचारत होत्या, आता उन्हाळाभर आहे ना दुकान? मी म्हटलं, हो. साफ थाप. माझं परतीचं तिकीट आधीच काढलेलं आहे, आणि खरं सांगू का, मला तिथं जायचंही आहे. तिथली सकाळची शांतता मला आवडते. तिथं कुणी मला अमक्याचा पोरगा म्हणत नाही, नवा माणूस म्हणून बघतात, हे मला आवडतं. आणि शेवाळ खरवडताना वाटलं होतं की यासारखं दुसरं काही नाही. दोन्ही एकाच दुपारी कसं खरं असेल?

तुम्ही असता तर काय म्हणाला असता, याचा मी खूप अंदाज घेतला. एकदा वाटतं, तुम्ही म्हणाल, देऊन टाक, पत्र्याच्या खोलीला कायले कवटाळून बसतं? तुम्ही कधी कशाला कवटाळलं नाही. भर सीझनमध्येसुद्धा चौदा एप्रिलला शटर पाडून पांढरा शर्ट घालून मिरवणुकीत जायचात, गिऱ्हाईक कितीही ओरडो. आणि मग वाटतं, तुम्ही काहीच म्हणणार नाही, फक्त नवीन पत्रा उचलून कापायला घ्याल. तुम्ही गेलात तेही भर सीझनमध्येच, मी बारावीत असताना. लोक भेटायला यायचे, आईसमोर बसून डोळे पुसायचे, आणि उठताना हळूच विचारायचे, आमचा कूलर झाला होता का? मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आज येत नाही. उकाडा काही सुतक पाळत नव्हता.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो, आईलाही माहीत नाही. तिथं आजीबाईंनी मला सुरुवातीलाच विचारलं होतं, तुझे वडील काय करतात? मी म्हटलं, कूलर बनवतात. का म्हटलं, ठाऊक नाही. पुढचे शब्द मला येत नव्हते म्हणून म्हणा, किंवा जे आले ते म्हणायचे नव्हते म्हणून. मग त्यांना तुमची सवयच झाली. बाहेर ऊन पडलं की त्या विचारतात, वडिलांचं काम वाढलं असेल ना? एकदा म्हणाल्या, त्यांना इकडे बोलव, बघू दे थंडी कशी असते. मी म्हटलं, सीझन संपला की येतील. आज सकाळी त्यांचा फोनवर संदेश आला, वडील कसे आहेत? मी उत्तर दिलं, बरे आहेत, दुकानातच असतात. उद्या मोबाइलवाल्याला मी हो म्हणालो, तर तुम्ही दिवसभर कुठं असता म्हणून त्यांना सांगू, बाबा?