सगळ्यांना ‘हो तर’ म्हणणारं गाव

प्रिय ईना,

थोरल्या बहिणीला लिहिताना आधी तब्येत विचारायची असते, म्हणून विचारते. कंबर कशी आहे? मांजर आहे की गेलं? डंडीत पाऊस पडतोय का ते विचारत नाही, कारण तो इथूनच तिकडे जातो आणि जाताना मला खिडकीतून दिसतो. माझं म्हणशील तर मी बरी आहे, गुडघा बरा नाही. अर्ध्या तासाच्या गाडीवर राहणाऱ्या सख्ख्या बहिणीला तिकीट चिकटवून पत्र पाठवावं लागतं, त्यावरून काय ते समज. मात्र मी मऊ झालेय असं समजू नकोस. काम आहे म्हणून लिहितेय. गुरुवारी तू माझ्या स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर बसायचं आहेस, आणि ते विद्यापीठासाठी आहे, माझ्यासाठी नाही. कसं ते सांगते. मध्येच उठून जाऊ नकोस.

थंडीच्या तोंडाला माझ्या दारात एक उंच, काटकुळा, ओला माणूस उभा राहिला. म्हणाला, मी डॉक्टर प्रेस्कॉट, कॅनडाहून आलोय. डॉक्टर म्हटल्यावर मी त्याला आत घेतलं, स्टुलावर पाय ठेवला आणि गुडघा उघडा केला. त्याने तो सभ्यपणे पाहिला (चांगल्या घरचा आहे) आणि म्हणाला, मिसेस किड, मी त्या प्रकारचा डॉक्टर नाही, मी राष्ट्र या विषयाचा डॉक्टर आहे. मी म्हटलं, मग उशिरा आलात, ते तर केव्हाचं अंथरुणाला खिळलंय. तर तो आमच्या गावात आला होता त्या मठातल्या पत्रासाठी. सातशे वर्षांपूर्वी आपल्या सरदारांनी पोपला पाठवलं ना, राजा नीट वागला नाही तर आम्ही दुसरा बघू, असं? त्याला वाटत होतं की ते अजून आर्ब्रोथच्या माणसांच्या रक्तात असणार. मी म्हटलं, माझ्या रक्तात साखर आहे, दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितलंय, बाकी काही सापडलं असतं तर तेही सांगितलं असतं.

त्याचा विषय म्हणजे अधिमान्यता. (हा शब्द त्याने मला कागदावर लिहून दिला, तो बघून उतरवतेय. चुकला असेल तर त्याची चूक.) म्हणजे काय, तर आपल्यावर हुकूम चालवायचा हक्क कोणाला, आणि तो हक्क आहे असं आपण का मानतो. यासाठी माणसं सात-सात वर्षं शिकतात, ईना! आपल्या घरात अधिमान्यता आईकडे होती, कारण पळी आईकडे होती. हे मी त्याला सांगितलं तर त्याने लिहून घेतलं. मी बोललेलं कोणी लिहून घेतंय हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मग विचारलंन, तुम्ही स्वतःला आधी काय मानता, स्कॉटिश की ब्रिटिश? मी म्हटलं, सकाळी उठल्यावर आधी मी गुडघा असते, चहानंतर बाकीचं. तेही लिहिलं.

एकदाच यायचा होता तो. पण जाताना मी म्हटलं, राजाबद्दल मला जे म्हणायचंय ते आज नाही, पुढच्या गुरुवारी सांगीन. (राजाबद्दल मला काहीही म्हणायचं नव्हतं.) तो पुढच्या गुरुवारी आला. मी चहाबरोबर खायला स्कोन भाजून ठेवले होते. मग त्याच्या पुढच्या गुरुवारी मासेमारीच्या कायद्याबद्दल, मग झेंड्याबद्दल, मग एडिनबरोच्या लोकांबद्दल, त्यांच्यावर तर मी दोन गुरुवार काढले. हळूहळू माझी मतं संपली गं. मग मी शेजारच्या नॅनची वापरली. तीही संपली (नॅनकडे होती किती?), मग मी आधी दिलेल्या मतांच्या उलटी मतं द्यायला लागले. तो म्हणाला, तुमच्याइतकी गुंतागुंतीची बाई मला या सगळ्या अभ्यासात भेटली नाही. विल जिवंत असता तर हसून खुर्चीतून पडला असता. लग्न झाल्यापासून विलच्या मते मी दोन भागांची होते, एक तोंड आणि दुसरा तोंडाला धरून ठेवणारा भाग.

आता घोटाळा ऐक. एका गुरुवारी त्याने माझी सगळी उत्तरं मला वाचून दाखवली, बरोबर आहेत ना म्हणून. लंडनच्या सरकारला तुमच्यावर राज्य करायचा अधिकार आहे का? माझं उत्तर, ‘हो तर!’ एडिनबरोच्या? ‘हो तर!’ राजाला? ‘हो तर!’ गावच्या नगरपालिकेला? ‘हो तर, हो तर!’ आणि या सगळ्यांपुढे त्याने ‘पूर्ण मान्य’ असं लिहिलेलं, नगरपालिकेपुढे तर ‘अत्यंत मान्य’. ज्यांना आमच्या गल्लीतला दिवा लावता येत नाही त्यांना! आपलं ‘हो तर’ तुला मी काय सांगणार, नाक वर करून म्हटलं की त्याचा अर्थ मुळीच नाही, आणि वर तोंड बघा आरशात. पण त्याच्या आवाज टिपायच्या यंत्राने ‘हो’ ऐकलं, ‘तर’ ऐकलं, नाक काही ऐकलं नाही. मी इतकी हसले की खालची कवळी हातात घ्यावी लागली. आणि मग पाहिलं तर तो पांढरा पडलेला. कारण त्याने गावभर विचारलं होतं, बंदरावर, मासे धुरावर भाजायच्या भट्ट्यांवर, दारूच्या गुत्त्यात, आणि सगळ्यांनी त्याला ‘हो तर’ म्हटलं होतं. त्याच्या कागदावर आर्ब्रोथ म्हणजे जगातलं सगळ्यात आज्ञाधारक गाव. एका मोठ्या सभेत त्याने ते वाचूनही दाखवलं होतं, आणि पांढऱ्या केसांच्या प्राध्यापकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

“म्हणजे मिसेस किड,” तो म्हणाला, “तुम्हाला कोणाचंच राज्य मान्य नाही?”

“आता कुठे तू शिकायला लागलास, पोरा,” मी म्हटलं आणि त्याच्या पुढ्यात आणखी एक स्कोन ठेवला.

तो खाऊन सावरला, आणि मग त्याने शेवटचा प्रश्न काढला. तुम्ही या गोष्टींवर भांडता कोणाशी? म्हणजे तुम्ही एक म्हटलंत की उलटं म्हणणारं कोण? मी म्हटलं, कोणी नाही. तो पेन धरून थांबला. नॅन बहिरी आहे, ती सगळ्याला मान डोलावते. विल होता तेव्हासुद्धा तो माझ्याशी वाद घालायचा नाही, कुत्र्याशी बोलायचा आणि मी ऐकायचं. आता विल नाही आणि कुत्राही नाही. त्याने ‘कोणी नाही’ असं लिहिलं. ईना, ते शाईत लिहिलेलं मला बघवेना. मी म्हटलं, खोड ते. एक बहीण आहे.

मग मी त्याला ती सकाळ सांगितली, लंडनपासून वेगळं व्हायचं की नाही त्या मतदानात तुझी बाजू हरली त्यानंतरची. तुझ्या कोटावर तो निळा बिल्ला तसाच होता, रडून डोळे सुजलेले, आणि विल टोस्ट खाता खाता म्हणाला, झालं बाई एकदाचं. तू म्हणालीस, या घरात मी पुन्हा चहा पिणार नाही. आणि दिलेला शब्द पाळणारी तू एवढी गाढव की विलला पुरून आलो त्या दिवशीसुद्धा कप हातात घेऊन उभी राहिलीस, प्यायली नाहीस, आणि भरलेला कप खिडकीत ठेवून निघून गेलीस. तो मी दुसऱ्या दिवशी ओतला. डॉक्टरने विचारलं, बहीण इथे असती तर काय म्हणाली असती? म्हणून मी तुझी बाजू बोलून दाखवली. तू बोलतेस तशी, बोट नाचवत. मग माझी. मग पुन्हा तुझी. टेबलाच्या दोन्ही बाजूंना जाऊन बसत होते, गुडघ्याचं काय झालं असेल बघ. आणि तुझी बाजू मी इतकी चांगली मांडली की शेवटी तो म्हणाला, तुमच्या बहिणीचं म्हणणं मला पटतं. मला त्याचा असा राग आला! मी तुझं म्हणणं पटवून देऊ, तू डंडीत आरामात बसलेली असताना?

तर त्याला जोडीची मुलाखत हवी आहे. तू एका बाजूला, मी एका बाजूला, मध्ये यंत्र. हवं ते बोल, लंडनला शिव्या दे, मला दे. चहाचं म्हणशील तर तुझी शपथ चहाची आहे. मी कॉफीची बाटली आणून ठेवली आहे, कॉफीबद्दल तू त्या सकाळी काही बोलली नव्हतीस. मला नीट आठवतं.

तुझी धाकटी,
सेंगा

ता. क. मसुराच्या सुपात घालायला डुकराचं हाड आणलंय. एकटीसाठी हाड कोणी आणत नाही, खाटिकानेही विचारलं, कोण येतंय?

ता. क. दुसरं. पहिलं पान लिहिलं तेव्हा डॉक्टर गावात होता. माझं लिहिणं किती सावकाश ते तुला माहीत आहे. तो कॅनडाला परत गेला. जोडी म्हणून त्याने भट्टीवरच्या दोघा भावांना बसवलं, आणि ते एकमेकांशी सहमत झाले म्हणे, मूर्ख. तेव्हा यंत्र नसेल, विद्यापीठ नसेल, कोणी काही विचारणार नाही. गुरुवारच पाहिजे असंही आता राहिलेलं नाही. बुधवार चालेल. कोणताही चालेल.

ता. क. तिसरं. आधी फोन करू नकोस. फोनवर मी ‘काही गरज नाही’ म्हणून टाकीन. सरळ ये. पुढचं दार दमटपणाने फुगून बसलंय, ते मला एकटीला ओढवत नाही. मागून ये. मागचं मी कडी न लावता ठेवते.