फ्रेमचं नाव अक्षरानंच सुरू व्हावं

३ फेब्रुवारी १९९९, टाम्पेरे
टायरवाल्या तार्मोनं आमच्या हिवाळी पोहणाऱ्यांच्या मंडळासाठी नवी वेबसाइट बनवली आहे. एका पानाचे तीन कप्पे, म्हणजे फ्रेम. नावं काय, तर १, २, ३. वेबपानं लिहायची भाषा एचटीएमएल, तिचा नियम स्वच्छ आहे : फ्रेमचं नाव अक्षरानं सुरू झालं पाहिजे, आकड्यानं नाही. तीन वर्षं वेबसाइट माझ्याकडे आहे. ती कुणाकडे राहणार, याचं मतदान पुढच्या शुक्रवारच्या सभेत.
संकल्प : तार्मोशी शांतपणे बोलायचं.

४ फेब्रुवारी
शांतपणे बोललो. सॉनाच्या वाफेत, सगळ्यात वरच्या फळीवर बसून. तार्मो म्हणाला, "अरे कालेर्वो, पण चालतंय ना?" चालतंय म्हणजे बरोबर, या एका समजुतीपायी किती साम्राज्यं बुडाली, ते मी सविस्तर सांगितलं. भाषण संपलं तेव्हा सॉनात मी एकटाच. लोक विचार करायला थंड पाण्यात गेले असावेत.

७ फेब्रुवारी
हेल्मीनं विचारलं, फ्रेमला नाव लागतंच कशाला? सांगितलं : यादीतली लिंक दाबली की पान कुठल्या फ्रेममध्ये उघडायचं, ते ब्राउझरला नावावरून कळतं. वाचकाला नाव दिसत नाही. ती म्हणाली, "म्हणजे न दिसणाऱ्या नावासाठी तू तीन दिवस माझ्याशी धड बोलत नाहीयेस." बायकोला तत्त्वांचं वावडं असलं की संसार अवघड होतो.

९ फेब्रुवारी
तार्मोचं पान कोसळताना सभेला दाखवायचं ठरवलं. आधी घरी तीन ब्राउझरवर तालीम. कोसळलं नाही. मग मी स्वतः वाईट नावं दिली. अधोरेषेनं सुरू होणारी. ती तर नियमानं राखीव. एका फ्रेमला तर नावाच्या जागी नुसती फुली. सगळं उघडलं. हे ब्राउझर नव्हेत, धर्मशाळा आहेत. कोणीही यावं, पथारी पसरावी.
तालीम अशास्त्रीय म्हणून रद्द.

११ फेब्रुवारी
कणा असलेला ब्राउझर सापडला. अध्यक्ष ओनेर्वाबाईंना दिसत नाही. त्यांच्याकडे नुसत्या मजकुराचा जुना ब्राउझर आहे आणि यंत्र तो मोठ्यानं वाचतं. चित्रं नाहीत, नखरे नाहीत. अशा ब्राउझरनं नियम मोडणं शक्य नाही. उद्याची परीक्षा त्यांच्याच संगणकावर घ्या, अशी मागणी केली. तार्मो लगेच हो म्हणाला. बिचारा.

१२ फेब्रुवारी
सभा. आधी तार्मोचं पान. यंत्र म्हणालं, "फ्रेम एक. फ्रेम दोन. फ्रेम तीन." ओनेर्वाबाईंनी एकेक दाबली, एकेक उघडली. हा ब्राउझर फ्रेम एकत्र दाखवत नाही, त्यांच्या नावांची यादी देतो आणि यंत्र ती मोठ्यानं वाचतं. हे मला माहीत नव्हतं.
मग माझं पान. मी उभा राहून म्हणालो, मंडळी, प्रत्येक नाव अक्षरानं सुरू होतंय, कान देऊन ऐका. सगळ्यांनी कान दिले.
"फ्रेम यादी. फ्रेम बातम्या. फ्रेम थेरडीचं-गुऱ्हाळ."
तिसरी फ्रेम अध्यक्षांच्या निवेदनाची. एका न संपणाऱ्या सभेनंतर रागात नाव दिलं होतं. नंतर विसरलो.
ओनेर्वाबाई म्हणाल्या, "अक्षरानं सुरू होतं खरं. नियमात बसतं. तुझं भाषण राहिलंय का काही?"
नाही म्हणालो. वेबसाइट तार्मोकडे गेली. माझ्या बाजूनं माझाच हात, तोही अर्धाच वर.

१४ फेब्रुवारी
ओनेर्वाबाईंकडे गेलो. दोष ब्राउझरचा कसा आहे, ते समजावायला. दारातच म्हणाल्या, "ये बाबा, बस. तीन वर्षं ऐकतेय मी ते नाव. पहिल्यांदा रडले. मग निवेदनं मुद्दाम लांबवायला लागले."
कॉफी दिली. वेलदोड्याचा पावही पुढे सरकवला.
मी म्हणालो, तार्मोला सांगून त्या फ्रेमला एखादं चांगलं नाव देऊ या. आदराचं. अक्षरानं सुरू होणारं.
"नको," त्या म्हणाल्या. "तीन बरं आहे. आकड्याला माझ्याबद्दल काही म्हणायचं नसतं."
घरी येऊन नियम पुन्हा वाचला. यावर त्यात काहीच नाही.